पालथ्या घमेल्यातलं नाटक

आष्टीकडून या नाहीतर शिरूर कासारकडून, आमच्या गावाच्या आधी नाट्यगृह दिसतं. उघड्या माळावर एक भलंमोठं काळपट घमेलं पालथं घातल्यासारखं, आणि त्याच्या डोक्यावर दोन उंच धुराडी. एसटीत नवीन माणूस असला की विचारतो, "ही कशाची भट्टी म्हणायची?" कुणीतरी सांगतं, "भट्टी न्हाई, घमेलं हाय ते. नाटकाचं." मग विचारणारा म्हणतो, "हितं नाटक होतं व्हय?" आणि आसपासची माणसं हसतात. पूर्वी मी मध्ये पडून समजावून सांगायची. आता खिडकीबाहेर बघत बसते.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. माहेर चकलांब्याचं, लग्न होऊन इकडे आले. शाळेच्या संमेलनात मुलांची नाटुकली बसवता बसवता मला मोठ्या माणसांचं नाटक बसवायचा नाद लागला, आणि हळूहळू गावातल्या हौशी माणसांची आमची एक मंडळी जमली. त्यात एसटीतले एक कंडक्टर होते, आवाज असा की स्टँडच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला गाडी थांबावी. बाकी औषधाच्या दुकानातले, पंचायत समितीतले, दोन-तीन माजी विद्यार्थी. तालमी वर्गात बाकं भिंतीला सारून, आणि प्रयोग मंगल कार्यालयात, लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा. तिथल्या स्टेजच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलचे दोन मोर कायमचे चिकटवलेले. आमच्या नाटकातलं पोलीस ठाणं, दवाखाना, उसाच्या फडातली पाचटाची कोपी, सगळं त्या मोरांच्या साक्षीनं घडलं.

त्यामुळे गावाला नाट्यगृह मंजूर झालं म्हटल्यावर आम्ही कंडक्टरांच्या घरी बसून पेढे खाल्ले. आमच्यासारख्या कोरडवाहू तालुक्याला नाट्यगृह कशाला, असंही लोक म्हणाले. दिवाळीनंतर निम्मं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातं, नाटक बघणार कोण, असं विचारणारे काही वाईट हेतूनं विचारत नव्हते. पण मला त्या प्रश्नाचा राग यायचा. जी माणसं सहा महिने परगावी राबतात त्यांनी उरलेले सहा महिने नाटक बघू नये, असं कुठं आहे?

इमारतीचं काम ज्यांच्याकडे होतं ते आर्किटेक्ट संभाजीनगरचे. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. कागदपत्रं घ्यायला नगरपंचायतीच्या कचेरीत आले आणि तिथून विचारत विचारत आमच्या तालमीला आले. मागच्या बाकावर बसून राहिले. तालीम संपल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे लोक भारूड कुठं बसून बघतात?"

कंडक्टर म्हणाले, "जागा घावंल तिथं बसत्यात, साहेब."

"ती जागा दाखवाल मला?"

आम्ही त्यांना देवीच्या देवळामागच्या उतारावर नेलं. खाली सपाट जागा, वर उतार, त्यावर लोक बसतात. ते स्वतः उतारावर जाऊन बसले आणि कंडक्टरांना खाली उभं करून म्हणाले, "काहीतरी बोला. मोठ्यानं नको." कंडक्टरांना हळू बोलणं आयुष्यात जमलेलं नव्हतं. शेवटी मी बोलले. त्यांनी मान डोलावली, वाऱ्याची दिशा विचारली आणि गेले. मला वाटलं, हा माणूस काहीतरी चांगलं करणार.

त्यांनी केलंही. ही इमारत मी पायापासून उठताना पाहिली आहे. बुडाला आपल्या इथलाच काळा दगड, त्यावर विटा. पण विटा सरळ नाहीत, प्रत्येक वीट थोडी तिरकी, मध्ये फट ठेवून, अशी की वारा आत येतो आणि ऊन येत नाही. आतून सगळी भिंत गोल फिरत जाते, कोपरा म्हणून कुठं नाही. वरचं छप्पर काँक्रीटचं, पातळ, घमेल्यासारखं वाकवलेलं, आणि आधाराला आत एकही खांब नाही. ती दोन धुराडी वाऱ्यासाठी आहेत. पश्चिमेचा वारा त्यात शिरतो आणि जमिनीखालच्या पोकळीतून फिरून बसणाऱ्यांच्या पायाशी निघतो. भर उन्हाळ्यात, पंखा नसताना, आत गेलं की अंगावर गारवा येतो. मेकअपच्या खोलीच्या छताला एक गोल झरोका आहे, त्यातून उजेड बरोबर तोंडावर पडतो.

आणि सगळ्यात न्यारी गोष्ट म्हणजे रंगमंच. तो इमारतीच्या कडेला आहे, आणि त्याची मागची भिंत म्हणजे रुळांवर सरकणारं एक प्रचंड लोखंडी दार. दार बंद असलं की आतल्या पायऱ्यांवर बसून नाटक बघायचं. दार सरकवलं की मागं माळाचा उतार, त्यावर दगडी पायऱ्या बांधलेल्या, तिथं दुप्पट-तिप्पट माणसं बसतील. तेव्हा नटानं तोंड तिकडे करायचं, आणि पाठीमागचं घमेलं त्याचा आवाज उचलून उतारावर टाकणार. देवळामागचा उतारच त्यांनी इथं आणला होता.

छपराखालचा फळ्यांचा सांगाडा काढायच्या दिवशी गाव लोटलं होतं. छप्पर पडणार यावर पैजा लागलेल्या. "खांब कुठं हाय पण?" असं जो तो विचारत होता. फळ्या निघाल्या, छप्पर जागेवर राहिलं, आणि बरीच माणसं जराशी हिरमुसूनच घरी गेली.

इमारत उभी राहिली आणि तिथंच गोष्ट थांबली.

आधी आचारसंहिता लागली. ती संपल्यावर उद्घाटन कुणाच्या हस्ते आणि कोनशिलेवर कुणाचं नाव वर, यावरून दोन पुढाऱ्यांत अडलं. मग एका गटानं तारीख ठरवली तर दुसऱ्यानं आगीचा दाखला नाही म्हणून तक्रार केली. दाखला आणायचा तर वीज हवी, विजेसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, ट्रान्सफॉर्मर मागायचा तर इमारत ताब्यात घेतलेली हवी, आणि ताबा घ्यायचा तर दाखला हवा. मी या वर्तुळात इतक्या वेळा फिरले आहे की मला ते झोपेतही म्हणता येईल. पुढं नवी मंडळी निवडून आली. त्यांच्या दृष्टीनं हे जुन्यांचं काम. मग एक मुख्याधिकारी आले, त्यांनी वास्तुशास्त्र काढलं.

"मॅडम, या इमारतीला कोपराच नाही. ईशान्य दिशा धरायची कुठून?"

मी म्हटलं, "साहेब, दिशा बाहेर असतात. सूर्य तर उगवतोच ना तिकडून."

ते हसले आणि माझा अर्ज खालच्या ट्रेमध्ये सरकवला. पुढं त्यांची बदली झाली.

दरम्यान आतली तांब्याची तार गेली. नळ गेले. धुराड्यांत आग्या मोहोळ बसलं. पारव्यांनी आत वस्ती केली. विटांच्या फटींतून पोरांनी रिकाम्या बाटल्या खोचल्या. दाराचे रूळ मातीखाली गेले. मी दर वर्षी एक अर्ज करायची आणि दर वर्षी कुणीतरी मला खुर्ची देऊन, चहा पाजून परत पाठवायचं. अपमान केला असता तर निदान भांडता आलं असतं.

आमच्या मंडळीत तोवर एक मुलगी आली होती. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली, आता स्टँडजवळ ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान चालवायची. आईवडील उसतोडीला जाणारे. ती स्वतः लहानपणी त्यांच्याबरोबर फडावर गेलेली, मग शाळेसाठी चुलतीजवळ मागं राहिलेली. एकदा तालमीनंतर तिनं सहज सांगितलं, "आमची चुलती लई बोलायची, बाई. सगळी गल्ली कारखान्याला गेली की घराघरांना कुलपं. मग ती कुलपाशी बोलायची. जाता जाता एकेका दारापुढं थांबायची अन् त्या घरातल्या बाईला काय सांगायचं ते सांगून टाकायची. पोरं हसायची. मला लाज वाटायची."

आमचं नाटक त्यातून निघालं. मागं राहिलेली एक बाई आणि कुलूप लावलेली गल्ली. आम्ही सगळ्यांनी मिळून ते लिहिलं, आणि त्या बाईचं काम अर्थातच त्या मुलीनं करायचं, गल्लीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्याचं कंडक्टरांनी. ती असं बोलायची की ओरडणं नाही, हुंदका नाही. शेजारणीशी चार शब्द बोलावेत तसं. कंडक्टर एकदा तालमीच्या मध्येच बाकांमागून बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, ही पोरगी कार्यालयातल्या माईकवर वाया जाईल."

मला तेच वाटत होतं. आणि दुसरी गोष्ट अशी की तिच्या आईवडिलांनी तिला रंगमंचावर कधी पाहिलेलंच नव्हतं. आमचे प्रयोग हिवाळ्यात, आणि ते हिवाळ्यात उसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात. ती म्हणाली, "टोळ्या परत आल्या की करू या ना, बाई. ज्यांचं नाटक हाय त्यांनी बघितलं पायजे का न्हाई?"

टोळ्या परत येतात उन्हाळ्याच्या तोंडाला, तेव्हा मंगल कार्यालय लग्नांनी भरलेलं. मग जागा कोणती? मी घमेल्याकडे बोट दाखवलं. वीज नाही तर नसू दे. दुपार कलली की दार सरकवायचं, माणसं उतारावर बसवायची आणि उजेडात नाटक करायचं. त्या इमारतीला विजेची गरजच नव्हती, ती तशी बांधलीच होती.

नव्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. तरुण होते, बोलायला चांगले.

"करा की मॅडम. माझी काही हरकत नाही."

"लेखी द्याल का?"

"लेखी दिलं की जबाबदारी येते. तोंडी समजा ना."

तोंडी तर तोंडी. किल्ली मिळाली हेच खूप झालं.

पुढचे कित्येक रविवार आम्ही तिथं राबलो. पारव्यांची घाण खरवडून काढली. बाटल्या पोत्यात भरल्या. मोहोळ काढणाऱ्या माणसाला बोलावलं, त्याच्या दिवशी आम्ही सगळे लांब बाभळीखाली बसून राहिलो. औषधाच्या दुकानातल्यांनी फिनेलचे कॅन आणले. मुलीनं दुकान बंद ठेवून आतल्या सगळ्या पायऱ्या धुतल्या, पाणी टँकरचं, त्यामुळे कंजूषपणे, फडक्यानं पुसून. बाहेरच्या पायऱ्यांत उगवलेली काटेरी झुडपं काढताना माझे हात सोलले. शाळेतले सहकारी म्हणायचे, "कावून एवढं करता, मॅडम? उद्या पुन्हा तसंच व्हणार हाय."

राहिलं होतं दार. रूळ मोकळे केले, पण दार गंजून बसलं होतं. कंडक्टरांनी डेपोतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला आणलं. डिझेल ओतलं, दोन दिवस मुरू दिलं, मग चाकांना ग्रीस भरलं. नंतर आम्ही सगळे एका बाजूनं खांदा लावून उभे राहिलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग करकरत, दात शिवशिवतील असा आवाज करत ते हाताएवढं सरकलं आणि त्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट आतल्या शेवटच्या पायरीपर्यंत गेली. कंडक्टर ओरडले, "लावा जोर!" आणि दार गेलं. पूर्ण गेलं. समोर माळ, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यावरून जाणारा कडब्याचा टेम्पो, सगळं एकदम रंगमंचावर आलं.

मी बाहेरच्या उतारावर अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसले. मुलगी रंगमंचावर आली आणि घामेजल्या तोंडानं, पदर खोचलेला तसाच ठेवून, नाटकातलं एक वाक्य म्हणाली. "पारू, तुझी शेळी व्याली गं, दोन करडं झाली." नेहमीच्याच आवाजात. आणि ते माझ्या कानाशी आलं. शेजारी बसून सांगितल्यासारखं. मी उठून उभी राहिले. खाली सगळे माझ्याकडे बघत होते, ऐकू आलं का, म्हणून. मी नुसता हात वर केला.

त्या संध्याकाळी मी आर्किटेक्टना फोन लावला. ते आता कामातून निवृत्त झाले होते. मी म्हटलं, "दार उघडलं."

ते म्हणाले, "पूर्ण?"

"पूर्ण. आणि वरच्या पायरीवर ऐकू येतं."

ते म्हणाले, "वारा होता का?"

"होता."

"मग ठीक आहे." आणि प्रयोगाला येतो म्हणाले.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मी शाळेतून घरी जाताना माळावर ट्रक उभे दिसले. मला वाटलं, रस्त्याचं काम असेल. जवळ गेले तर घमेल्याच्या पुढच्या दारातून हमाल पोती आत नेत होते. तुरीची पोती. सरकारी खरेदीची तूर, गोदामं भरली म्हणून इथं. आम्ही धुतलेल्या पायऱ्यांवर पोत्यांची थप्पी लागत होती, रंगमंचावरही. लोखंडी दार बंद करून आतून पोती लावली होती. मी एका हमालाला विचारलं, "कुणी सांगितलं इथं ठेवायला?" तो म्हणाला, "मुकादमाला इचारा, बाई. आमी काय, जिथं सांगितलं तिथं टाकतो."

तशीच कचेरीत गेले. साहेब जेवायला बसणार होते, तरी त्यांनी मला बसायला सांगितलं.

"मॅडम, तुमचे तर आभारच मानायला पाहिजेत."

"कशाबद्दल?"

"वरून जागा मागत होते. तालुक्यात कोरडी, स्वच्छ, बंदिस्त जागा कुठं आहे? आमच्या माणसानं सांगितलं, बाईंनी नाट्यगृह एकदम चकाचक केलंय. पाहणी झाली, लगेच मंजूर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खोचकपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मला बरं वाटेल.

"अहो, पण आमचा प्रयोग आहे. तुम्ही परवानगी दिली होती."

"तोंडी होती ना, मॅडम."

"मग निदान स्टेज तरी मोकळं करून द्या. एका दुपारपुरतं."

"शासकीय माल आहे. हलवायचा अधिकार मला नाही."

"मग ठेवायचा अधिकार होता का?"

त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मी बाहेर आले. बाहेरच्या पायरीवर उभी राहून मी इतकी चिडले होते की मला घरचा रस्ता कोणत्या बाजूला ते क्षणभर सुचेना. आम्ही ती घाण तशीच राहू दिली असती, पारवे राहू दिले असते, तर तूर तिथं आली नसती. हा विचार डोक्यातून जाईना.

मंडळी माझ्या घरी जमली. औषधवाले म्हणाले, पुढं ढकलू. मुलगी म्हणाली, "आईबाप आलेत. सगळ्या गल्लीला सांगून बसलेय मी. आता काय, तुरीनं नाटक अडवलं म्हणून सांगू?" शेवटी ठरलं की बंद दारापुढं, रंगमंचाचा जो अरुंद ओटा बाहेर येतो, त्यावर करायचं. आर्किटेक्टना कळवायला मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते?

प्रयोगाच्या दिवशी माणसं आली. खरोखरच आली. परतलेल्या टोळ्यांतली, उन्हानं करपलेली, नवी लुगडी नेसलेली, पोरं कडेवर घेतलेली. उतार निम्म्याहून जास्त भरला. मुलीची आई पुढच्या पायरीवर, पाय जवळ घेऊन, गंभीर चेहऱ्यानं बसली होती. आर्किटेक्ट एसटीनं आले, खांद्याला शबनम. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूर आहे आत," मी म्हटलं.

"बरं," एवढंच म्हणाले आणि वर जाऊन बसले.

नाटक सुरू झालं आणि पहिल्या दोन वाक्यांतच माझ्या लक्षात आलं की जमत नाही. घमेल्याचं तोंड बंद होतं. लोखंडी पत्र्यावर आपटून आवाज फुटत होता आणि पश्चिमेचा वारा तो उचलून रस्त्याकडे नेत होता. वरून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत न्हाई!" मुलीनं आवाज चढवला. चढवलेल्या आवाजात ते बोलणं खोटं वाटायला लागलं. कंडक्टरांचं प्रत्येक वाक्य मात्र वरपर्यंत जात होतं, त्यामुळे लोकांना एका बाजूचंच संभाषण ऐकू येत होतं आणि ते भलत्या जागी हसत होते.

तशात ट्रक आला. तुरीचाच, उरलेला माल घेऊन. पुढचं दार तिकडच्या बाजूला, पण वळायला जागा आमच्या ओट्याच्या पुढ्यात. गाडी मागं घेतानाचा तो पीं पीं आवाज सुरू झाला. कंडक्टर भूमिकेतून बाहेर येऊन धावले.

"ए बे, दिसत न्हाई का? नाटक चाललंय!"

"मला काय माहीत? मला खाली करून लायनीत लागायचंय."

मुलीची आई उठली. पदर सावरत ट्रकच्या दारापाशी गेली आणि खालून म्हणाली, "भाऊ, इंजन बंद कर. आमी बी जलमभर ट्रका भरतोय. घाई काय असती ते आमाला नको सांगू. माझी लेक बोलतीय तिथं."

ड्रायव्हरनं खरंच इंजिन बंद केलं. खाली उतरून टायरला टेकून उभा राहिला. सगळे शांत झाले. सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं.

ती ओट्याच्या मधोमध उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, मी न्हाई करत." मग लोकांकडे वळून, हात जोडून म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाई आन मी नुसती वरडतेय. हे असं नाटक न्हाई. माफ करा." आणि ओट्यावरून उतरून गेली.

कुणी हुर्यो केली नाही. माणसं थोडा वेळ बसून राहिली, मग पोरं उचलून पांगली. मी तिला समजवायला गेले नाही. तिचं बरोबर होतं, आणि तिचं बरोबर होतं याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

आर्किटेक्ट खाली आले. दगडी भिंतीवर हात ठेवून एक फेरी मारून आले. मी म्हटलं, "तुम्हाला राग येत नाही का हो?"

ते म्हणाले, "येतो ना. पण मी कुणाला सांगू? तुम्ही तरी रोज इथं राहता, भांडायला माणसं आहेत तुम्हाला." मग चहा प्याले आणि शेवटच्या गाडीनं गेले.

ते नाटक आम्ही पुढं केलं. पाऊस सुरू झाल्यावर, मंगल कार्यालयात, माईक लावून. माईक मधूनमधून घरघरत होता. तिच्या आईवडिलांनी बघितलं. आईनं मला सांगितलं, "चुलतीवानीच बोलली, बाई." बक्षिसं-बिक्षिसं काही नाहीत. गाव मात्र अजून ते वाक्य म्हणतं, शेळी व्यालेलं. पोरं एकमेकांच्या दारापुढं उभी राहून म्हणतात आणि हसतात. मुलीनं आता आष्टीला मोठं दुकान घातलंय, तालमीला येणं तिला परवडत नाही.

तूर पावसाळ्याभर तिथंच राहिली. तिला कीड लागली, अर्धी उचलली, अर्धी राहिली. उंदीर झाले. नंतर निवडणुकीच्या जुन्या लोखंडी पेट्या आल्या, मग बंद पडलेल्या घंटागाड्या. किल्ली कुणाकडे आहे हे आता कचेरीतही एका माणसाला सांगता येत नाही. यंदा मी अर्ज घेऊन गेले तर टेबलापलीकडच्या नव्या क्लार्कनं विचारलं, "कुठलं नाट्यगृह?" मी खिडकीतून बोट दाखवलं. तो म्हणाला, "ते गोडाऊन?"

आणि आता गेल्या महिन्यात ठराव आला. इमारत पाडून त्या जागी व्यापारी संकुल करायचं. मी सभेला गेले, परवानगी मागून बोलले. विटा, वारा, दार, उतार, सगळं सांगितलं. सदस्यांनी ऐकून घेतलं, टेबलं वाजवली आणि मग दुकानाचे गाळे कुणाच्या गटाला किती, यावर भांडायला लागले. भांडण इतकं पेटलं की विषय तहकूब झाला. या कचेरीच्या दिरंगाईनं मला पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही चीड आली.

बाहेर पडताना बांधकाम विभागातले इंजिनिअर मागून आले. म्हणाले, "मॅडम, एक अडचण आहे. ते छप्पर नेमकं कुठून तोडायला घ्यायचं हे कुणालाच कळत नाही. खांब नाहीत ना. एका बाजूनं घेतलं तर सगळं अंगावर यायचं. त्या आर्किटेक्ट साहेबांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मोबाईल माझ्या हातातच होता.

"नाही," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी आर्किटेक्टना फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ हसत राहिले. खोकला लागेपर्यंत हसले. मला काही हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून नंबर मिळवतील, तर उचलू नका.